सातवं आणि आठवं पान

कागद सापडले ते धाकट्या सुनेला, आणि तेही प्रिंटरच्या ट्रेमध्ये. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती हॉस्पिटलमधल्या ड्यूटीचं वेळापत्रक छापायला खाली कारखान्याच्या ऑफिसात उतरली होती. ट्रेमध्ये आधीच काही पानं पडली होती. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही असा तिचा नियम होता. पण प्रिंटरच्या ट्रेमधला कागद म्हणजे काही पत्र नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं आणि वरचं पान उचललं.

क : बाटलीच्या ब्रशची ती ऑर्डर

ख : कालच गेली.

(०.४)

घ : मी काय म्हणते, उद्या जर

ग : तू थांब जरा.

(०.३)

क : अप्पांचं म्हणणं असं, की

आधी तिला वाटलं, थोरल्या दिरांच्या मुलीनं नाटक लिहायला घेतलं की काय! मग ‘तू थांब जरा’वर तिची नजर अडकली. हे वाक्य या घरात एकच माणूस म्हणतो आणि ते फक्त एकाच बाईला म्हणतो. अठरा वर्षं हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसल्यामुळे माणूस ओळखायला तिला नाव लागत नसे. ग म्हणजे आपला नवरा. घ म्हणजे आपण. क हे थोरले, ख म्हणजे थोरली जाऊ. ती उभ्याउभ्या वाचत गेली. दुसऱ्या पानावर घ चार वेळा बोलायला लागली होती आणि चारही वेळा तिचं वाक्य मध्येच तुटलं होतं. जेवताना आपण काय बोललो, नव्हे, काय बोलायचं राहिलं, हे कुणीतरी सेकंदांच्या हिशेबानं टिपून ठेवलं होतं.

पानं परत ठेवताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या कोपऱ्यात आकडे होते. एक ते सहा नीट होते आणि त्यानंतर एकदम नऊ. तिनं ट्रे बाहेर ओढून पाहिला, प्रिंटरच्या मागे हात घालून पाहिला, केराची टोपली उपसली. सात आणि आठ कुठेच नव्हती.

नवरा अंगणात त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पुसत होता. तिनं कागद त्याच्या हातात ठेवले.

“पुतणीचे प्रताप बघा. आपण जेवतो ना, ते सगळं रेकॉर्ड करते ती.”

“कशाला?”

“मला काय विचारता? उद्या अकरा वाजता वकिलाकडे कारखान्याच्या विक्रीवर अप्पांची सही आहे. आजच बरे कागद छापले गेले! तुमच्या भावाला काही पुरावा-बिरावा हवा असेल. धाकट्यानंच म्हाताऱ्याला विकायला लावलं म्हणून.”

त्यानं फडकं बादलीत टाकलं. गेले दोन महिने हीच कुणकुण त्याला येत होती. कारखान्यातले कामगार त्याला बघून बोलायचे थांबत. वहिनी वाढताना त्याच्या ताटाकडे न बघता वाढायची. आणि जिमवाल्याला जागा विकायचा निर्णय झाला तो वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्याच तोंडून, सगळ्यांच्या देखत! यानं फक्त ‘हो’ म्हटलं होतं. सगळ्यात आधी म्हटलं, एवढाच काय तो गुन्हा.

सात आणि आठ नंबरच्या पानांबद्दल मात्र धाकटीनं त्याला काही सांगितलं नाही. नवऱ्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि हे पान तिला योग्य वेळी टाकायचं होतं.

*

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. रविवार असल्यामुळे खालचं मशीन बंद होतं, आणि ते बंद असलं की या घरातले लोक जरा जास्तच मोठ्यानं बोलायचे. त्याला कारण होतं. ब्रशचे केस एका पातळीत कापणारं ते मशीन सुरू असलं की अख्खं वाक्य कुणालाच ऐकू जात नसे. अप्पांच्या वडिलांच्या काळापासून सवय अशी, की एकानं दोन शब्द ओरडायचे आणि दुसऱ्यानं ओठांकडे बघून पुढचं ओळखायचं. ही सवय जिना चढून वर आली आणि घरभर झाली. आमच्यात अर्धं वाक्य पुरतं, असं ही मंडळी पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. आता या घरात थोरल्याची मुलगी साडेतीन वर्षांची होईपर्यंत बोलली नाही, यात नवल ते काय? तिच्यावर ‘दूध’ म्हणायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. तेव्हापासून तिचं नाव मौनी पडलं, आणि ती युनिव्हर्सिटीत स्पीच कम्युनिकेशनचं एम.ए. करायला निघाली तेव्हा महिनाभर सगळ्यांना हसायला विषय झाला होता.

धाकट्यानं कागद भाताच्या पातेल्याशेजारी आपटले.

“मौने, हे काय आहे?”

मौनीनं कागद बघितले आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “माझा प्रोजेक्ट आहे, काका. कुटुंबातली माणसं जेवताना एकमेकांशी कशी बोलतात, कोण कधी थांबतं, कोण मध्ये बोलतं, असा. तुम्ही सगळ्यांनी परवानगीच्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या.”

“कुठला फॉर्म? तो सहलीचा होता ना?”

“मी चोवीस वर्षांची आहे, काका. सहलीच्या फॉर्मवर घरच्यांची सही लागत नाही.”

“मी वाचला नव्हता.”

“कुणीच वाचला नव्हता. मी सांगायला लागले, तर तुम्हीच म्हणालात, कळलं, कळलं, कुठे सही करू?”

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. धाकट्याला ते दिसलंच.

“हसा, वहिनी. तुमचं काय जातंय? बोलायचं शिकायला युनिव्हर्सिटी कशाला, असं मी तेव्हाच विचारलं होतं. आता कळलं. घरात हेर ठेवायचा होता!”

“छोट्या, तोंड सांभाळ,” थोरला म्हणाला. “पोरगी अभ्यास करतेय. आणि ज्यानं काही केलं नाही, त्यानं घाबरायचं कशाला?”

“म्हणजे मी काहीतरी केलंय?”

“मी असं म्हटलं?”

“तू कधीच काही म्हणत नाहीस, दादा. तू फक्त उसासे टाकतोस. कारखाना विकायचं ठरल्यापासून नुसता त्या मशीनवरून हात फिरवत बसतोस आणि सगळं गाव माझ्याकडे बघतं.”

थोरला आतून खुशीत होता. मुलगी त्याची, रेकॉर्डिंग मुलीचं. मग त्यात जे असेल ते आपल्याच बाजूचं असणार. विकायचं ठरलं त्या संध्याकाळचं त्याला आठवत होतं ते एवढंच, की अप्पा बोलले, आणि त्यांचं बोलणं पुरं होतंय न होतंय तोच छोट्या टुणकन उडी मारून हो म्हणाला. एकवीस वर्षं आपण खालचा धुरळा खाल्ला, ब्रशचे केस नाकातोंडात गेले, आणि विकायला हो म्हणाला तो गाडीत एसी लावून फिरणारा. ही तक्रार त्यानं इतक्या वेळा मनात घोळवली होती, की ती आता चांगली मऊ झाली होती.

अप्पा टेबलाच्या टोकाला बसून हळूहळू जेवत होते. गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्यातून ते सावरले होते. चालत होते, जिना उतरत होते, रोज तासभर मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत होते. फक्त बोलणं कमी झालं होतं. वयच झालं आता, असं सगळे म्हणायचे.

“मला एकच विचारायचंय,” धाकटी म्हणाली, आणि कुणी मध्ये बोलेल म्हणून तिनं लगेच पुढचंही बोलून टाकलं. “सहाव्या पानानंतर नववं कसं काय येतं?”

तिनं पातेल्याशेजारचे कागद मौनीपुढे सरकवले.

“सातवं आणि आठवं पान कुठंय, मौनी? मी ट्रे पाहिला, टोपली पाहिली. तू काढून नेलीस ना?”

मौनीला खोटं बोलता येत नव्हतं. सकाळी छापून झाल्याबरोबर तिनं आधी तीच दोन पानं उचलून पर्समध्ये कोंबली होती. तेवढ्यात आईनं वरून हाक मारली आणि बाकीची नंतर नेऊ म्हणून ती धावत गेली. तिच्या मॅडम वर्गात नेहमी सांगायच्या, ऐकू येतं तेवढंच लिहा, माणसांना शहाणं किंवा वाईट ठरवू नका. वर्गात ते सोपं होतं. पण त्या दोन पानांवर तिला जे ऐकू आलं होतं, ते तिनं गेला आठवडाभर कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या सही झाली की कारखाना जाणार. पानं दाखवली तर बाबा जाणार. सहीपर्यंत काहीतरी सुचेल, असं म्हणत तिनं रविवार उजाडू दिला होता.

“आहेत माझ्याकडे,” ती म्हणाली. “पण मी ती देणार नाही.”

“बघा!” धाकटा खुर्चीवरून अर्धा उठला. “काहीतरी काळंबेरं आहेच.”

थोरलीच्या मनात वेगळंच आलं. आपल्या लेकीला ती ओळखत होती. काकाची अब्रू जाऊ नये म्हणून पोरगी गप्प बसलीय, या विचारानं तिला लेकीचा अभिमान वाटला आणि रागही आला. यांना झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आणि ही दिराची लाज झाकतेय!

“दे ती पानं, बाळा,” ती म्हणाली. “आपल्याला लपवायचं काही कारण नाही.”

“आई, नको.”

“अगं दे. होऊन जाऊ दे एकदाचं,” थोरला म्हणाला.

“बाबा, तुम्ही तरी नको म्हणा. प्लीज.”

तो हसला आणि तिच्या पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्यानंच मौनीला रडू येईल असं वाटलं.

“पानं कशाला?” धाकटा म्हणाला. “कागदावर कुणीही काहीही लिहील. आवाज ऐकव. त्या दिवशी अप्पा काय बोलले आणि मी काय बोललो, सगळ्यांना ऐकू दे.”

मौनीनं अप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते. तिनं फोन काढला, तारीख शोधली आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

आधी चमच्यांचा आवाज आला. मग कुणीतरी मीठ मागितलं. मग अप्पांचा आवाज आला, जड आणि लांबून आल्यासारखा. “कारखाना… आता…”

आणि लगेच दुसरा आवाज, हलका, चटपटीत, जवळजवळ खुश. “विकूनच टाकू या. असंच ना, अप्पा? बरोबर आहे तुमचं.”

“हो, मग काय! मी तर कधीपासून म्हणतोय,” हा धाकट्याचा आवाज. त्यानंतर सगळेच एकदम बोलायला लागले होते. अप्पांचा आवाज पुन्हा आला नाही.

“परत लाव,” थोरली म्हणाली.

मौनीनं परत लावलं. तोच हलका, चटपटीत आवाज. पंचवीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाचा आवाज ओळखायला थोरलीला दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. तिला फक्त खात्री नको होती.

“तुम्ही बोललात,” ती म्हणाली. “‘विकून टाकू’ तुम्ही म्हणालात.”

“मी… अगं, मी त्यांच्या मनातलंच बोललो. आपल्यात नेहमीच…”

“अर्धं वाक्य पुरतं,” धाकट्यानं सवयीनं पुरं केलं आणि जीभ चावली.

“दोन महिने!” थोरलीचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “दोन महिने मी तुमची समजूत काढतेय. कामगारांसमोर डोळे पुसलेत तुम्ही. वडिलांच्या शब्दापुढे माझं काय चालणार, असं म्हणालात. मी या माणसाशी नीट बोलले नाही तुमच्यामुळे,” तिनं दिराकडे बोट केलं, “त्याच्या ताटात वाढताना माझा हात आखडायचा.”

“वहिनी, ते मला कळत होतं बरं का,” धाकटा पुटपुटला. खरं म्हणजे त्याला आता मूठ हवेत नाचवावीशी वाटायला हवी होती. पण रेकॉर्डिंगमधला स्वतःचा तो ‘हो, मग काय’ त्याच्या कानात बसला होता. अप्पा अजून बोलायचेत, हे त्यालाही त्या दिवशी दिसलं होतं. थांबायला तोही तयार नव्हता.

थोरला मुलीकडे वळला. “तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“आठवडा झाला.”

“आणि तू मला एकट्याला सांगितलं नाहीस? बापाला असं सगळ्यांसमोर उघडं पाडायचं? हेच शिकवतात का तिकडे?”

“मी तर ती पानं लपवली होती, बाबा. तुम्हीच दे म्हणालात.”

आतापर्यंत टेबलावर दोन बाजू होत्या. आता कोण कुणाच्या बाजूला आहे हेच कळेना. धाकटीनं सकाळपासून याच क्षणाची वाट पाहिली होती, पण तो आल्यावर तिला काहीच गोड लागेना. तिचं लक्ष टेबलाच्या टोकाकडे गेलं. अप्पांनी चमचा खाली ठेवला होता. त्यांचे ओठ हलत होते आणि कुणीच तिकडे बघत नव्हतं.

“तुम्ही सगळे भांडताय,” ती म्हणाली, “पण अप्पांना काय म्हणायचं होतं ते त्यांना विचारलंय का कुणी?”

कुणी तिला थांब म्हणालं नाही.

मौनीनं डोळे पुसले. “मी विचारते. पण कुणीही मध्ये बोलायचं नाही. अप्पांना आता वेळ लागतो. आम्ही दोघं गॅलरीत बसतो ना, तेव्हा मी मोजलंय. सात सेकंद, आठ सेकंद, कधीकधी बारा. शब्द येतो, नक्की येतो. या टेबलावर आपण त्यांच्यासाठी एक सेकंदसुद्धा थांबत नाही.”

“बारा सेकंद म्हणजे काय मोठंसं?” धाकटा म्हणाला.

“थांबून बघा, काका.”

ती उठून आजोबांच्या खुर्चीजवळ गेली. “अप्पा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, कारखाना आता. पुढं काय म्हणायचं होतं?”

अप्पांना शब्द माहीत होता. तो कुठे ठेवलाय तेही माहीत होतं. फक्त तिथवर जायला जिना फार चढावा लागायचा, आणि रोज ते अर्ध्या जिन्यात असतानाच वर कुणीतरी दुसराच शब्द घेऊन उभं असायचं. आज वर कुणी नव्हतं. त्यांनी घाई केली नाही.

टेबलाभोवती कुणाला हे सोसेना. धाकट्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला, शिकाऊ माणूस वेगात वळण घ्यायला लागला की शेजारच्या सीटवरून तो ब्रेक दाबायचा तसा. धाकटीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. थोरल्यानं तोंड उघडलं, आणि थोरलीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. तिनं ते प्रेमानं धरलं नव्हतं.

“कारखाना…” अप्पा म्हणाले. “आता… रंगवून… घेऊ.”

कुणाला काही कळलंच नाही.

“रंगवून?” धाकट्याच्या तोंडून निघालंच.

“भिंतींचे…” सगळे थांबले. “पोपडे… निघालेत.”

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. भिंतींना रंग काढायचा म्हणून म्हाताऱ्यानं तोंड उघडलं होतं, आणि पुढच्या दहा मिनिटांत यांनी कारखाना विकला होता. वकील ठरला, जिमवाले मापं घेऊन गेले, सात कामगारांना दुसरं काम बघा म्हणून सांगून झालं. आणि घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं, की अप्पांचा शब्द आपण पाळतोय.

“मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?” धाकटा जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला. “दोन महिने गप्प बसलात, अप्पा! एकदा तरी…”

मौनीनं हात वर केला. तो थांबला.

या वेळी जास्त वेळ लागला. खालून रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“किती… पटकन…” अप्पा म्हणाले. “सगळे… हो म्हणालात. मला वाटलं… कुणालाच… नकोय.”

मग त्यांनी थोरल्याकडे मान वळवली. मशीनशेजारच्या खुर्चीत बसून बारीक कापलेल्या ब्रशवर बोट फिरवत ते चूक शोधायचे, तसं त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुला… हवाय?”

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे, मग मुलीकडे. आयुष्यभर त्याच्या प्रत्येक अडलेल्या वाक्याला या तिघांपैकी कुणीतरी हात दिला होता. ‘तसं नाही हो अप्पा, त्याला म्हणायचंय की’ असं म्हणून आता कुणीतरी पुढं येईल, म्हणून तो थांबला. थोरलीनं मनगट सोडलं आणि हात स्वतःच्या मांडीवर ठेवला. धाकट्यानं मान खाली घातली. मौनीला फार वाटलं, की बाबांना यातून सोडवावं, एक शब्द तरी पुरवावा. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

“मी… म्हणजे मला तो…” थोरला म्हणाला आणि अडला. “नको, अप्पा. मला तो नको होता. कधीच नको होता. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. तुमच्या तोंडून आलं, की मी सुटणार होतो, आणि वाईटही दिसणार नव्हतं.”

अप्पांनी मान डोलावली. त्यांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास ओढला, एक घोट घेतला आणि ग्लास परत जागेवर ठेवला. सगळे थांबून राहिले.

“मग तू… सोड,” ते म्हणाले. “उद्या अकराला… मी… रंगाऱ्याला बोलावतो.”